वर्डच्या पोटातला खटला

मे २००९. तुम्ही टायलरला उतरला आहात. पूर्व टेक्सासमधलं हे शहर गुलाबांसाठी प्रसिद्ध आहे, आणि अलीकडे पेटंटच्या खटल्यांसाठीही. इथे तारीख लवकर लागते आणि ज्युरी पेटंटवाल्याचं ऐकून घेते, अशी ख्याती पसरल्यापासून देशभरातले वकील बॅगा घेऊन इकडे येतात. वेस्ट फर्ग्युसन स्ट्रीटवरच्या फेडरल कोर्टात शिरा आणि मागच्या बाकावर बसा. तुम्ही कुणाला दिसत नाही, त्यामुळे संकोचायचं कारण नाही.

समोर न्यायाधीश लेनर्ड डेव्हिस. एका टेबलाशी टोरंटोची आय-फोर-आय ही छोटी कंपनी, दुसऱ्या टेबलाशी मायक्रोसॉफ्ट. भांडण कशावरून, तर वर्डची फाइल आतून कशी रचायची यावरून. ज्युरीतल्या मंडळींनी वर्डमध्ये पत्रं लिहिली असतील, पण त्या पत्राच्या फाइलच्या पोटात काय असतं हे उघडून बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नसेल. तुमच्यावरही आली नसेल. तेव्हा निकालाची वाट बघत इथे बसण्यापेक्षा थोडं मागे जाऊन येऊ.

या प्रवासाची एक अट आधी सांगून ठेवतो. जिथे काहीतरी लिहून ठेवलेलं, जपून ठेवलेलं उरलं आहे तिथेच आपल्याला उतरता येतं. पेटंटचा दस्त, कोर्टाची नोंद, निकालपत्र असं काहीही चालेल. जे कुणी फेकून दिलं, त्या ठिकाणी थांबा नाही. ही अट पुढे चांगलीच नडणार आहे.

२ जून १९९४. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात एक अर्ज दाखल होतोय. शोध लावणारे दोघं, आय-फोर-आयचेच: मिशेल वुल्पे आणि स्टीफन ओवेन्स. कारकुनाच्या खांद्यावरून वाकून बघा. आकृत्या रटाळ आहेत, भाषा वकिली आहे, तरी कल्पना समजायला अवघड नाही.

त्या काळात मोठमोठ्या कंपन्या आणि सरकारी खाती आपले दस्तऐवज एसजीएमएल नावाच्या पद्धतीने लिहीत. १९८६ पासून ती आंतरराष्ट्रीय प्रमाण होती. मजकुरातच खुणा पेरायच्या, असा तिचा रिवाज. समजा, तुम्ही औषधाच्या खोक्यात घालायचा कागद लिहिताय. ‘दिवसातून दोनदा’ या शब्दांच्या आधी ‘मात्रा सुरू’ अशी खूण आणि नंतर ‘मात्रा संपली’ अशी खूण. यंत्राला कळतं की ही मात्रा आहे, औषधाचं नाव किंवा इशारा नव्हे. अडचण अशी की मजकूर आणि खुणा एकमेकांत गुंततात. खुणांची रचना बदलायची तर सगळा मजकूर उसवावा लागतो, आणि लिहिणाऱ्याला आपल्या वाक्यांच्या मधे मधे ही काटेरी झुडपं दिसत राहतात.

वुल्पे-ओवेन्स म्हणतात, दोन्ही वेगळं ठेवा. मजकूर एका जागी स्वच्छ, सलग. खुणा दुसऱ्या जागी, एका तक्त्यात. तक्त्यात एवढंच लिहायचं की अमुक क्रमांकाच्या अक्षरापाशी ‘मात्रा’ सुरू होते आणि तमुक क्रमांकाच्या अक्षरापाशी संपते. जमीन शिवारात असते आणि ती कुणाची, किती, त्यात काय पेरलंय ही नोंद तलाठ्याच्या दप्तरात, सातबाऱ्यावर, तसंच काहीसं. दप्तरातली नोंद बदलायला शेत नांगरावं लागत नाही. त्यांच्या अर्जात या तक्त्याला ‘मेटाकोड मॅप’ म्हटलंय. पुढची सतरा वर्षं ज्यावरून वकिलांच्या फिया चालणार आहेत तो शब्द हाच.

तुमच्या मनात एव्हाना मोह आला असणार: अजून थोडं मागे जाऊ या का? कारण अर्जाच्या आधी या दोघांनी एस-फोर नावाचं एक सॉफ्टवेअर बनवून अमेरिकेत विकलेलं आहे, आणि तेही अर्जाच्या तारखेआधी वर्षभराहून जास्त. यावर पुढे कुणीच वाद घालणार नाही. अमेरिकेचा कायदा म्हणतो, एखादी वस्तू वर्षभराहून आधी बाजारात विकून बसलात तर मग तिच्यावर पेटंट मागायला येऊ नका. म्हणजे एस-फोरमध्ये तो तक्ता होता का, एवढं कळलं की सगळा खटला पाच मिनिटांत निकालात. एस-फोरचा सोर्स कोड उघडायचा आणि वाचायचा.

पण काम संपल्यावर तो सोर्स कोड टाकून दिला गेला, खटल्याच्या कितीतरी वर्षं आधी. जपला गेला नाही. त्यामुळे तिथे थांबा नाही. काळात मागे जाऊ शकणारे तुम्ही एकटे, आणि तुम्हालाही नेमकं हेच बघता येणार नाही. चला पुढे.

१९९८ साली दोनदा उतरायचं आहे, पण दोन्ही वेळा घाईने. १० फेब्रुवारीला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम एक्सएमएल नावाचं नवं प्रमाण जाहीर करते. हा एसजीएमएलचा सुटसुटीत धाकटा भाऊ. त्याच्या संपादकांत जाँ पाओली आहेत, मायक्रोसॉफ्टचे. आणि २८ जुलैला वुल्पे-ओवेन्स यांचं पेटंट मंजूर होतं, क्रमांक ५७,८७,४४९. जगात सगळीकडे एक्सएमएलचा बोलबाला सुरू होतोय, त्याच वर्षी खुणा आणि मजकूर वेगळे ठेवण्याच्या एका पद्धतीवर टोरंटोच्या लोकांचा शिक्का बसतो. त्या वर्षी याकडे फारसं कुणी लक्ष दिलेलं नाही.

पुढच्या काही वर्षांत आय-फोर-आयची माणसं मायक्रोसॉफ्टच्या माणसांना भेटतात. त्यांचं सॉफ्टवेअर वर्डमध्येच जोडता येतं, तेव्हा भेट होणं साहजिकच. प्रात्यक्षिकं होतात, माहितीपत्रकं दिली जातात. त्यांवर पेटंटचा क्रमांक छापलेला असतो. तुम्ही टेबलाच्या कडेला उभे राहून तो क्रमांक वाचू शकता. मग मायक्रोसॉफ्टच्या आतला एक ईमेल वाचा. त्यात म्हटलंय की या लोकांचं उत्पादन आपण पूर्वी पाहिलंय, बनवणाऱ्यांना भेटलोय, आणि येणारं वर्ड ११ त्याला कालबाह्य करून टाकेल. असे ईमेल लिहिणाऱ्यांना ते एक दिवस ज्युरीसमोर मोठ्याने वाचले जातील असं वाटत नाही, हे माझं एक जुनं आश्चर्य आहे.

वर्ड ११ म्हणजे वर्ड २००३. ऑक्टोबर २००३ मध्ये ते बाजारात आल्यावर त्याच्या एका प्रतीसमोर बसा. कस्टम एक्सएमएलची सोय चालू करा, तुमची स्वतःची खुणांची यादी जोडा आणि ‘दिवसातून दोनदा’ हे शब्द निवडून ‘मात्रा’वर क्लिक करा. शब्दांच्या दोन्ही बाजूंना गुलाबी कंस उमटतात. घरी पत्र लिहिणाऱ्याला ते कधी दिसणार नाहीत. मात्र ज्या कार्यालयात हजारो दस्तऐवजांतून मात्रा, तारीख, रक्कम आपोआप उपसून काढायची असते, त्यांच्यासाठी हे गुलाबी कंस म्हणजे सोनं.

मार्च २००७ मध्ये आय-फोर-आय दावा लावते. आता पुन्हा टायलर.

नुकसानभरपाईचा हिशेब चाललाय. हा भाग नीट ऐका, कारण पेटंटच्या खटल्यात आकडे कुठून येतात हे इतकं जवळून बघायला मिळत नाही. पहिला प्रश्न: किती लोक ही सोय खरंच वापरतात? वादीच्या तज्ज्ञाने ९८८ कंपन्यांना विचारणा केली. उत्तर दिलं ४६ जणांनी. त्यांपैकी १९ जण म्हणाले, हो, वापरतो. ज्यांनी उत्तर दिलं नाही ते कुणीच वापरत नाहीत असं धरून तज्ज्ञाने १९ ला ९८८ ने भागलं. जेमतेम दोन टक्के. हिशेब स्वतःच्या विरोधात झुकवूनही वर्डचा पसारा एवढा की दोन टक्के म्हणजे सुमारे २१ लाख प्रती होतात.

दुसरा प्रश्न: एका प्रतीमागे किती? तज्ज्ञाने एक्समेटल नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरची किंमत घेतली, ४९९ डॉलर. त्याला मायक्रोसॉफ्टच्या नफ्याचं प्रमाण लावलं, ७६.६ टक्के. आलेल्या रकमेचा चौथा हिस्सा शोध लावणाऱ्याचा, असा तेव्हा एक ठोकताळा होता. उत्तर सुमारे ९६ डॉलर. मग इकडचं-तिकडचं बघून ९८. मायक्रोसॉफ्टचे वकील पुढे म्हणणार आहेत की वर्डच्या काही प्रती ९७ डॉलरला मिळतात, आणि तुम्ही त्यातल्या एका कोपऱ्यातल्या सोयीचे ९८ मागता! मला विचाराल तर या एका मुद्द्यावर ते बरोबर होते. चौथ्या हिश्शाचा तो ठोकताळा पुढे अपील कोर्टानेच दुसऱ्या एका खटल्यात मोडीत काढला. पण इथे तो चालून जातो.

आता एस-फोर. मायक्रोसॉफ्टचा खरा हुकमाचा एक्का हाच असायला हवा होता. वस्तू आधीच विकलेली होती, म्हणजे पेटंट रद्द. पण दाखवायचं काय? सोर्स कोड नाही. वुल्पे आणि ओवेन्स साक्षीला उभे राहून सांगतात की एस-फोरमध्ये तो तक्ता नव्हता, कल्पना नंतर सुचली. मग मायक्रोसॉफ्ट एक जुनं पत्र काढते. पैसे उभारायच्या खटपटीत लिहिलेलं, आणि त्यातून असं निघतं की शोधाचं बीज एस-फोरमध्येच होतं. साक्षीदाराचं उत्तर असं की ते पैशांसाठी फुगवून लिहिलं होतं. ज्युरीकडे बघा. एक माणूस म्हणतोय, मी तेव्हा खोटं लिहिलं, आज खरं बोलतोय. त्याच्यावर विश्वास ठेवायचा की कागदावर?

इथे कायद्याचा एक बारकावा सगळं ठरवतो. साध्या दिवाणी दाव्यात पारडं किंचित जरी एका बाजूला झुकलं तरी पुरतं. पेटंट रद्द करायचं तर तेवढ्याने भागत नाही. पुरावा स्पष्ट आणि खात्री पटवणारा हवा. पेटंट सरकारी कार्यालयाने तपासून दिलंय, ते वैध आहे असंच धरून चालायचं. मायक्रोसॉफ्ट म्हणते, अहो, पण त्या कार्यालयाने एस-फोर कधी पाहिलंच नव्हतं! जे तपासलंच नाही त्याबद्दल एवढा आदर कशाला? न्यायाधीश डेव्हिस ज्युरीला नेहमीचीच कडक कसोटी सांगतात.

२० मे २००९. ज्युरी २० कोटी डॉलर ठरवते.

ऑगस्टमध्ये आठवड्याच्या अंतराने दोन तारखा आहेत. ४ ऑगस्टला पेटंट कार्यालय मायक्रोसॉफ्टलाच एक पेटंट देतं: वर्डसारखा दस्तऐवज एकाच एक्सएमएल फाइलमध्ये साठवण्याची पद्धत. म्हणजे दस्तऐवजाच्या रचनेवर मालकी सांगण्यात या कंपनीलाही काही गैर वाटत नव्हतं. आणि ११ ऑगस्टला डेव्हिस आपला अंतिम हुकूम काढतात. मुद्दाम केलेल्या उल्लंघनाबद्दल आणखी ४ कोटी. या वाढीव रकमेच्या कारणांत एक गोष्ट वाचण्यासारखी आहे. मायक्रोसॉफ्टचे वकील खटल्यात आय-फोर-आयची तुलना सरकारी मदत मागणाऱ्या बँकवाल्यांशी करत राहिले. २००९ साली, बँका बुडालेल्या असताना, ज्युरीपुढे. न्यायाधीशांना ते मुळीच आवडलं नव्हतं. व्याजासकट एकूण आकडा २९ कोटींच्या घरात जातो.

पैशांपेक्षा मोठी बातमी मनाई हुकुमाची. साठ दिवसांनंतर, ज्या वर्डमध्ये कस्टम एक्सएमएल असलेल्या एक्सएमएल, डॉकएक्स आणि डॉकएम फाइली उघडतात ते वर्ड अमेरिकेत विकायचं नाही. वर्तमानपत्रं लिहितात, वर्डवर बंदी. अपील कोर्ट हुकूम तात्पुरता थांबवतं, २२ डिसेंबरला निकाल कायम करतं आणि मुदत वाढवून ११ जानेवारी २०१० करतं. आधी विकलेल्या प्रतींना हात लावायचा नाही, हेही ठरलेलं.

जानेवारी २०१०. आता कोर्टातून उठा. अमेरिकेतल्या एखाद्या दुकानातून नुकतीच घेतलेली वर्डची प्रत चालू करा आणि तुमची ती गुलाबी कंसांची फाइल तिच्यात उघडा. मजकूर शाबूत आहे, अक्षरन् अक्षर. ‘दिवसातून दोनदा’ तिथेच आहे. कंस गेले. ती मात्रा आहे हे आता फक्त माणसाला कळेल.

फाइल बंद करा. ती डॉकएक्स म्हणून सेव्ह केलेली असेल, तर नावातला शेवटचा डॉकएक्स काढून तिथे झिप लिहा. डॉकएक्स ही मुळात झिप फाइलच असते. आत ‘वर्ड’ नावाचा फोल्डर, त्यात डॉक्युमेंट.एक्सएमएल. जुन्या प्रतीने सेव्ह केलेल्या फाइलमध्ये इथे कस्टमएक्सएमएल नावाच्या खुणा तुमच्या शब्दांना वेढून बसलेल्या दिसतात. नव्या प्रतीने उघडून सेव्ह केलेल्या फाइलमध्ये त्या नाहीत. आणि गंमत बघा, शेजारीच कस्टमएक्सएमएल नावाचा एक वेगळा फोल्डर असू शकतो, कंटेंट कंट्रोल नावाच्या दुसऱ्या सोयीचा. तो वाचला. नाव तेच, तंत्र वेगळं, त्यामुळे हुकूम त्याला लागला नाही. आयटीवाल्यांचे त्या महिन्यात बरेच फोन वाजले असतील ते याच गोंधळापायी. शिवाय याच खुणा २००८ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मंजूर झालेल्या ऑफिस ओपन एक्सएमएलमध्ये लिहिलेल्या होत्याच. प्रमाण म्हणतं, हे असं लिहा. टायलरचं कोर्ट म्हणतं, हे वाचणारं वर्ड विकू नका.

त्या प्रमाणाच्या मतदानात भारताने विरोधात मत दिलं होतं, आणि मंजुरीनंतर दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि व्हेनेझुएलासोबत अपीलही केलं होतं. अपील फेटाळलं गेलं. भारतापुरतं बोलायचं तर आपल्याकडे हा खटला उभाच राहिला असता का, हा प्रश्न आहे. २६ डिसेंबर २००४ ला सरकारने एक अध्यादेश काढून सॉफ्टवेअर पेटंटला दार किलकिलं करायचा घाट घातला होता. मार्च २००५ मध्ये संसदेने तो भाग गाळला. पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम हे शोध मानायचे नाहीत, ही ओळ राहिली. त्यातल्या ‘निव्वळ’चा अर्थ काय, यावर अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनापासून दिल्लीच्या हायकोर्टापर्यंत कीस पाडणं अजून चालू आहे. तो प्रवास वेगळा, आज नको.

१८ एप्रिल २०११. वॉशिंग्टन, सुप्रीम कोर्ट. खुर्च्या नऊ, बसलेले आठ. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्याकडे मायक्रोसॉफ्टचे शेअर असल्याने ते बाजूला झाले आहेत. मायक्रोसॉफ्टच्या बाजूने गुगल आहे, ॲपल आहे, इंटेल आहे. एरवी एकमेकांच्या उरावर बसणारे हे सगळे इथे एका सुरात बोलतात, कारण पेटंटवाल्यांच्या दाव्यांनी सगळेच वैतागलेले. अमेरिकन सरकारचा वकील मात्र आय-फोर-आयच्या बाजूने उभा आहे. २९ कोटी डॉलर आता कुणाच्याच तोंडी नाहीत. प्रश्न एकच उरलाय: पेटंट कार्यालयाने न पाहिलेला पुरावा पुढे आला, तरी कसोटी तितकीच कडक हवी का?

९ जून २०११ ला निकाल येतो. न्यायमूर्ती सोटोमायोर लिहितात आणि आठही जण निकालाशी सहमत. उत्तर: हो, तितकीच कडक. त्यासाठी त्या १९३४ सालात जातात, न्यायमूर्ती कार्डोझो यांनी रेडिओच्या एका पेटंटबद्दल दिलेल्या निकालात. कडक कसोटीची ही परंपरा त्याच्याही आधीपासून चालत आलेली आहे, १९५२ च्या कायद्याने ‘पेटंट वैध मानावं’ असं लिहिलं तेव्हा संसदेला ती ठाऊक होती, आणि बदलायची असेल तर ती संसदेने बदलावी. सोबत एक सवलतही आहे. कार्यालयाने न पाहिलेला नवा पुरावा असेल तर त्याचं वजन जास्त असू शकतं, आणि ज्युरीला तसं सांगण्याची विनंती करता येते. मायक्रोसॉफ्टने टायलरमध्ये तशी विनंती केली नव्हती. एवढे वकील, एवढा खर्च, आणि मागायचं तेच राहून गेलं.

न्यायमूर्ती ब्रेयर वेगळं छोटंसं मत जोडतात: ही कडक कसोटी फक्त घटनांना लागते, कायद्याच्या प्रश्नांना नाही. पुढच्या वकिलांना हे छोटंसं मत मुख्य निकालाइतकंच कामाला येतं. पण एस-फोरचा प्रश्न निखळ घटनेचा होता. होता की नव्हता? ते ठरवायला जे लागतं ते कुणाकडेच नव्हतं, आणि अशा वेळी ज्याच्या डोक्यावर सिद्ध करण्याचं ओझं तो हरतो. कोर्टाने एस-फोरमध्ये काय होतं ते शोधून काढलं असं कुणी म्हणू नये. ते कळत नाही हे कुणाच्या अंगावर शेकवायचं, एवढंच ठरवलं. माझ्या मते पेटंट कार्यालयाने जे पाहिलंच नाही त्याचं ओझं इतकं जड ठेवणं अन्यायाचं आहे, पण १९५२ चा कायदा वाचल्यावर कोर्टाने दुसरं काय करायला हवं होतं हेही मला सांगता येत नाही.

शेवटचा थांबा २८ जुलै २०१५. अर्ज ८ जून १९९५ च्या आधीचा असल्यामुळे या पेटंटला दाखल झाल्यापासून वीस किंवा मंजुरीपासून सतरा वर्षं, यांतली जी मुदत लांब पडेल ती लागू. मंजुरी २८ जुलै १९९८ ची, त्यामुळे आज ती संपते. उद्यापासून मजकूर एकीकडे आणि खुणांचा तक्ता दुसरीकडे ठेवायला कुणाला विचारायची गरज नाही. वर्डने मात्र ते गुलाबी कंस परत आणलेले नाहीत. आजचं वर्डही अशा फाइली उघडताना त्या खुणा काढून टाकतं. तुमच्या कार्यालयातल्या एखाद्या जुन्या हार्ड डिस्कवर २००३ ते २००९ दरम्यानच्या तशा फाइली असतील, तर नव्या वर्डमध्ये उघडून सेव्ह करण्याआधी त्यांची एक प्रत बाजूला काढून ठेवा.